मरणाविषयी मोकळेपणी बोलायची बैठक: पहिली कशी घ्यावी?

तुळशीकट्टा

नमस्कार मंडळी. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मरणाविषयी मोकळेपणी बोलायची बैठक महिन्यातून एकदा सुरू करायची आहे. लंडनहून जगभर पसरलेल्या डेथ कॅफेसारखीच, पण मराठीत आणि आपल्या रीतीची. संघाचा हॉल शनिवारी दुपारी ४ ते ६ मोकळा असतो. आतापर्यंत २२ जणांनी नावं दिली आहेत, त्यात ७ जोडपी. वयं ६२ पासून ८५ पर्यंत.

कार्यकारिणीचं म्हणणं असं की सूचना फलकावर 'मृत्यू' हा शब्द नको, आणि एखाद्या डॉक्टरांचं किंवा वकिलांचं व्याख्यान ठेवलं तरच लोक येतील. लिव्हिंग विल (आपण सांगू शकणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेला कागद) आणि देहदानाचे फॉर्मही तिथेच भरून घ्यावेत, अशी एक सूचना आहे.

माझे प्रश्न: २२ जण एकदम चालतील का? सुरुवात कोणत्या प्रश्नाने करावी? कोणी रडायला लागलं तर काय करायचं? फलकावर नेमकं काय लिहावं? ज्यांनी अशा बैठका चालवल्या आहेत त्यांनी बारीकसारीक तपशिलासकट सांगितलं तर फार मदत होईल.

मध्यलय

आधी २२ चा आकडा सोडवा, बाकीचं त्यावर ठरेल. एका वर्तुळात ५-६ माणसं आणि एक सूत्रधार. आठाच्या वर गेलं की तिघं बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. सूत्रधार दोनच असतील तर पहिल्या शनिवारी १२ जणांना बोलवा आणि उरलेल्या दहांना पुढच्या महिन्याची तारीख आत्ताच द्या. नुसतं 'नंतर कळवतो' म्हणू नका, या विषयाला धीर करून नाव दिलेलं माणूस तेवढ्यानेही मागे फिरतं.

जोडपी वेगवेगळ्या वर्तुळांत बसवा. हे नाव नोंदवतानाच सांगा, ऐन वेळी सांगितलं तर कोणी उठत नाही. नवरा शेजारी असला की बायकोला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो देतो. तो गप्प राहिला तरी ती 'यांना हॉस्पिटल अजिबात आवडत नाही' असं त्यांच्याविषयीच सांगते, स्वतःविषयी काही नाही. आई आणि सोबत आलेली लेक किंवा सून, यांनाही हाच नियम.

हॉल बघून घ्या. सत्तरीपुढच्या लोकांच्या बैठकीत सगळ्यात मोठी अडचण विषयाची नसते, ऐकू येण्याची असते. पंखे कमी वेगावर, दोन वर्तुळं हॉलच्या दोन टोकांना, आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना सूत्रधाराच्या शेजारी नाही, समोर बसवा, म्हणजे ओठ दिसतात. माइक नको. हातात माइक आला की माणूस भाषण करतो.

खाण्यापिण्याला दुय्यम मानू नका. स्विस समाजशास्त्रज्ञ बर्नार्ड क्रेताझ यांनी २००४ साली न्यूशातेलमध्ये पहिला 'कॅफे मॉर्तेल' भरवला. त्यावरून सुचून जॉन अंडरवूड यांनी सप्टेंबर २०११ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात, आपल्या राहत्या घरी पहिला डेथ कॅफे घेतला. त्यांच्या आई स्यू बार्स्की रीड यांनी, ज्या स्वतः मानसोपचार करतात, तो चालवला. चहा आणि केक तेव्हापासून आहेत ते पाहुणचारापुरते नाहीत. बोलता बोलता घसा दाटून आला की कप तोंडाला लावता येतो आणि कोणी 'काय झालं' विचारत नाही. आपल्याकडे चहा दोनदा द्या: आल्याबरोबर एकदा, तासाभराने अर्धा कप. बिनसाखरेचा वेगळ्या थर्मासमध्ये, वर चिकटपट्टी लावून. चिवडा, वेफर्स, भेळ नको, कुरकुर आवाजात हळू बोलणाऱ्याचं वाक्य बुडतं. खजुराची वडी, ढोकळा, केळी चालतात. एकादशी-चतुर्थी आली तर राजगिऱ्याचे लाडू ठेवा. खर्चासाठी दाराशी डबा ठेवा, पावती-वर्गणी नको.

दोन तासांची आखणी साधारण अशी. पहिली १५ मिनिटं चहा आणि बसणं. मग १० मिनिटं नियम. मग एक फेरी: नाव आणि 'आज इथे का यावंसं वाटलं' एवढंच, प्रत्येकी एक-दोन मिनिटं. मग साधारण तासभर गप्पा, मध्ये दुसरा चहा. शेवटची २० मिनिटं निरोपाच्या फेरीसाठी राखून ठेवायचीच. पहिल्या बैठकीत सगळ्यात जास्त चूक इथेच होते. गप्पा रंगतात, हॉलची वेळ संपते, वॉचमन किल्ल्या घेऊन उभा राहतो आणि एखाद्या बाईचं वाक्य अर्धं राहून जातं. ती ते अर्धं वाक्य घरी घेऊन जाते आणि पुढच्या वेळी येत नाही. म्हणून सव्वापाच-साडेपाचच्या सुमाराला सूत्रधाराने सांगून ठेवायचं, 'आता नवा विषय काढायचा नाही, पाच-चाळीस झाले की फेरी.' निरोपाच्या फेरीत प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची: आज घरी काय घेऊन चाललो. 'काही नाही' हेही उत्तर चालतं.

नियम चारच ठेवा आणि तोंडी सांगा. इथलं बोलणं इथेच राहील. फोटो नाही, व्हॉट्सॲप ग्रुप नाही. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही. आणि 'मी' म्हणून बोलायचं. हा चौथा नियम मराठीत फार महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे लपायला जागा भरपूर. 'माणसाला वाटतं की शेवट घरी व्हावा' यात बोलणारा कुठे आहे? 'आपण म्हणतो की...' यातही नाही. सूत्रधाराने फक्त एवढंच विचारायचं: 'माणसाला, की तुम्हाला?' आवाज हळू ठेवून, एकदाच. बहुतेक वेळा पुढचं वाक्य 'मला' ने सुरू होतं.

सुरुवातीला 'मृत्यू म्हणजे काय?' हे विचारू नका. दोन मिनिटांत कोणीतरी 'वासांसि जीर्णानि' म्हणेल, सगळे माना डोलावतील आणि चर्चा आत्मा-परमात्म्याकडे जाईल ती परत येणार नाही. श्रद्धेविषयी बोलू नये असं मुळीच नाही, पण गीतेतला श्लोक ज्या माणसाला रात्री तीन वाजता धीर देतो त्या माणसाने त्या रात्रीविषयी बोलावं. पहिला प्रश्न घरातला असावा: 'तुमच्या घरी कोणी हा विषय काढला तर सगळ्यात आधी कोण काय म्हणतं?' इथे प्रत्येकाकडे उत्तर असतं. 'शुभ बोल रे नाऱ्या', 'वास्तू तथास्तु म्हणते', 'संध्याकाळच्या वेळी काय हे', 'तुम्ही शंभर वर्षं जगणार आहात'. लोक हसतात, खुर्चीत सैल बसतात. मग दुसरा: 'आणि तेव्हा तुम्हाला काय बोलायचं होतं?' बैठक खरी इथे सुरू होते.

सूत्रधाराने पहिल्या पाच मिनिटांत एकदा तरी 'मरण' हा शब्द स्वच्छ उच्चारायचा. लोक 'बरंवाईट झालं तर', 'देवाज्ञा झाली', 'आटोपलं' म्हणोत, दुरुस्त करू नका. पण तुम्हीच शब्द टाळलात तर त्यांना कळतं की इथेही परवानगी नाही.

बोलणं अडलं तर चिठ्ठ्या ठेवाव्यात. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या २० चिठ्ठ्या, मोठ्या अक्षरात एकेक वाक्य: 'मला दुखू नये', 'माझी शुद्ध असावी', 'मला कोणी आंघोळ घालायची वेळ येऊ नये', 'माझ्या डोक्यावर कोणाचं देणं राहू नये', 'मला खरं काय ते सांगावं', 'शेवटी कोणीतरी हात धरावा', 'दहावं-तेरावं रीतसर व्हावं', 'काहीही विधी नकोत'. प्रत्येकाने तीन उचलायच्या आणि त्यातली एक परत ठेवायची. परत ठेवताना माणूस जे बोलतो ते ऐकण्यासारखं असतं. बैठक चांगली चालली तर चिठ्ठ्या पिशवीतच राहू द्या.

कोणी हॉस्पिटलच्या बिलाविषयी सुरू करतं आणि पाऊण तास सगळे हॉस्पिटलांवर बोलत राहतात, हे हमखास होतं. राग खरा असतो, त्याला तोडू नका. पाच-सात मिनिटांनी एवढंच विचारा: 'त्या दिवसांत तुम्हाला त्यांच्याजवळ बसायला मिळालं का?' बिल बाजूला पडतं.

वॉर्ड_नंबर_सात

रडण्याविषयी. रडणं ही अडचण नाही, त्याच्याभोवती बाकीचे जे करतात ती अडचण. शेजारचा लगेच पाठीवर थोपटतो, कोणी पाणी पुढे करतं, कोणी 'असं रडू नका, त्यांच्या आत्म्याला त्रास होतो' म्हणतं. या तिन्हींचा अर्थ समोरच्याला एकच लागतो: आवरा. पाण्याचे ग्लास आणि कागदी रुमाल आधीपासूनच प्रत्येकाच्या हाताशी ठेवा, म्हणजे कोणाला उठून द्यावे लागत नाहीत. सूत्रधाराने थांबायचं. अर्धं मिनिट फार मोठं वाटतं, पण थांबायचं. मग विचारायचं, 'बोलायचंय की नुसतं बसायचंय?' कोणी उठून बाहेर गेलं तर दुसऱ्या सहकाऱ्याने दोन मिनिटांनी दाराशी जायचं, त्यासाठी वर्तुळात नसलेलं एक माणूस हवंच. चहाचं काम बघणारी व्यक्ती यासाठी उत्तम, पण तिला आधी सांगून ठेवा.

आता जास्त महत्त्वाचं. ज्येष्ठांच्या बैठकीत 'आता देवाने न्यावं', 'पुरे झालं' ही वाक्यं येणारच. बहुतेकदा तो थकवा असतो, एकटेपणा असतो, आणि ते म्हणायला जागा मिळाली हेच हवं असतं. पण 'मीच काहीतरी करून टाकीन', गोळ्या साठवल्याचा उल्लेख, किंवा घरच्यांचा कायमचा निरोप घेत असल्यासारखं बोलणं, हे वेगळं. तेव्हा बैठक संपल्यावर बाजूला घेऊन सरळ विचारा: 'स्वतःच्या जिवाचं काही करावं असं मनात येतं का?' विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट विचारणारं कोणी भेटल्याने मोकळं व्हायला होतं. उत्तर 'हो' असेल आणि कसं करणार हेही ठरलेलं असेल तर त्या व्यक्तीला एकटीला घरी पाठवू नका. तिला सांगूनच घरच्यांना फोन करा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २४ तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. 'इथलं इथेच राहील' या नियमाला हा एकच अपवाद आहे, हे नियम सांगतानाच सांगा.

कोणाला थांबवावं? नुकतंच घरचं माणूस गेलेल्यांना. ज्यांच्या घरी दहावं-तेरावं नुकतंच झालं आहे त्यांना गप्पांची नाही, स्वतःच्या दुःखासाठी वेगळ्या जागेची गरज असते, आणि त्यांच्यासमोर बाकीचे विद्युतदाहिनी की लाकडं यावर मोकळेपणी बोलूही शकत नाहीत. नाव नोंदवताना फोनवर आपुलकीने विचारा आणि 'चार-सहा महिन्यांनी नक्की या' म्हणा. असाध्य आजार असलेल्यांनी मात्र जरूर यावं. फक्त त्यांना 'तुम्हाला कसं वाटतं हो?' असा नमुना करून विचारू नये.

वेदनेविषयी प्रश्न येतील, 'फार दुखतं का शेवटी?' हा तर येतोच. सूत्रधाराने वैद्यकीय उत्तर द्यायचं नाही. पण वेदना कमी करणारी स्वतंत्र वैद्यकीय शाखा आहे, तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, आणि तिचा अर्थ 'उपचार थांबवले' असा नाही, एवढं माहीत असावं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारजे इथलं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांसाठी हेच काम करत आहेत. नावं एका कागदावर लिहून ठेवा, विचारणाऱ्याला बैठकीनंतर द्या.

साक्षीदार

कार्यकारिणी म्हणते तसं व्याख्यान ठेवायला माझा अगदीच विरोध नाही. पुष्कळ माणसं कागदाच्या निमित्ताने येतात. 'मला मरणाची भीती वाटते' म्हणून कोणी घराबाहेर पडत नाही, 'लिव्हिंग विलची माहिती घ्यायला चाललोय' असं मुलाला सांगता येतं. पण फॉर्म त्याच दिवशी, त्याच खोलीत नकोत, हे मात्र नक्की. भारावलेल्या मनाने केलेली सही महिन्याभरात बदलावीशी वाटते, आणि चारचौघांत 'मी नाही भरत' म्हणायला संकोच होतो. कागदांसाठी वेगळा दिवस ठेवा.

त्या दिवशी काय सांगावं ते थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या 'कॉमन कॉज' निकालात लिव्हिंग विलला मान्यता दिली. तेव्हा त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे जवळपास कोणी केलंच नाही. २४ जानेवारी २०२३ ला अटी सोप्या झाल्या. आता १८ वर्षांवरील, शुद्ध बुद्धीच्या व्यक्तीने स्वेच्छेने लिहायचं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची, ते शक्यतो त्रयस्थ असावेत, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचं. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या व्यक्तींची नावं त्यात द्यायची, एकापेक्षा जास्त देता येतात. प्रत त्या व्यक्तींना, कुटुंबाच्या डॉक्टरांना, आणि महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं नोंदवलं, तेव्हा या विषयाची तिकडे बरीच चर्चा झाली. विचार बदलला तर कधीही लेखी रद्द करता येतं.

ते लागू होतं फक्त आपण स्वतः निर्णय सांगू शकत नसू आणि आजारातून बरं होण्याची आशा नसेल तेव्हा. मग उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देतं, त्यावर दुसरं मंडळ, त्यातला एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला. अंमल करण्याआधी हॉस्पिटलने दंडाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. हे इच्छामरणाचं इंजेक्शन नव्हे, हे दर वेळी स्पष्ट सांगावं लागतं.

लिहिताना होणारी चूक: नुसतं 'मला व्हेंटिलेटर नको'. न्यूमोनियात चार दिवस व्हेंटिलेटरवर ठेवून माणूस चालत घरी येतो, त्यालाही नकार द्यायचाय का? आधी अवस्था लिहावी, मग उपचार: 'बरं होण्याची शक्यता नाही असं डॉक्टरांचं मत झाल्यास कृत्रिम श्वास, डायलिसिस, नळीने अन्न सुरू करू नये, सुरू असल्यास थांबवावं. वेदनाशामक औषधं मात्र पूर्ण द्यावीत.' आणि ते लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवू नये. मध्यरात्री अतिदक्षता विभागाच्या दाराशी किल्ली कोणाकडे असते? दवाखान्याच्या फाईलमध्ये पहिल्या पानाला लावावं, मुलांच्या फोनमध्ये फोटो असावा.

'मला घरीच जायचंय' म्हणणाऱ्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला, नमुना ४-अ, शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यायचा असतो. कोणी डॉक्टर घरी येतच नसतील तर दाखला द्यायला कोणी तयार होत नाही, स्मशानात अडतं आणि प्रसंगी शवविच्छेदनापर्यंत जातं. तेव्हा घरी येणारे डॉक्टर आधी शोधायचे, इच्छा नंतर लिहायची. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत. नेत्रदान ठरलं असेल तर साधारण ६ तासांची मुदत: पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. देहदानाचा अर्ज आपण भरला तरी ऐन वेळी देह नातेवाइकांनाच सोपवायचा असतो, त्यांना पटलं नसेल तर अर्जाचा उपयोग नाही.

तुळशीकट्टा

मंडळी, मनापासून आभार. छापून कार्यकारिणीपुढे ठेवते आहे. दोन गोष्टी राहिल्या. डेथ कॅफे हे नाव वापरावं का? आणि सहा-सात सभासदांची मुलं परदेशी आहेत, त्यांना ऑनलाइन जोडून घ्या असं त्यांचं म्हणणं आहे. घ्यावं का?

दूरदेशी

नाव वापरलंत तर त्यांची तत्त्वं पाळावी लागतात: नफा नाही, बोलणं गोपनीय, आणि लोकांना कोणत्याही निष्कर्षाकडे, वस्तूकडे किंवा कृतीकडे वळवायचं नाही. पाहुणा वक्ता नाही. विमा एजंट, अंत्यविधीची सेवा विकणारे, देहदानाची पत्रकं, सगळं बाहेर. उद्देश चांगला असला तरी बाहेर, कारण एक पत्रक टेबलावर दिसलं की लोकांना वाटतं बैठक त्यासाठीच बोलावली होती. अंडरवूड २०१७ मध्ये अवघ्या ४४ व्या वर्षी अचानक गेले, त्यानंतर त्यांची आई आणि बहीण हे काम बघतात. नाव मोफत वापरता येतं. पण 'डेथ' आणि 'कॅफे' दोन्ही शब्द तुमच्या फलकावर परके वाटतील, मराठी नाव घ्या आणि तत्त्वं त्यांची ठेवा.

मुलांना त्याच बैठकीत जोडू नका. पडद्यावर लेक दिसली की आई तिला बरं वाटेल तेच बोलते. त्यांची वेगळी ऑनलाइन बैठक घ्या, ६ जण, सव्वा तास, त्याहून जास्त पडद्यासमोर तग धरत नाही. भारतात रात्री ८ म्हणजे ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन, हिवाळ्यात अडीच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळ, पश्चिमेला पहाट, तेव्हा पश्चिमेवाल्यांचा गट वेगळा. प्रत्येकाने बंद खोलीत, हेडफोन लावून बसावं आणि चहा स्वतःचा आणावा. ही बैठक फार गरजेची आहे. आईवडिलांजवळ राहणाऱ्या भावाने डॉक्टरांशी बोलून ठरवलेलं असतं, आणि तिसऱ्या दिवशी विमानातून उतरलेलं मूल म्हणतं, 'जे काही करता येईल ते सगळं करा.' ते प्रेमच असतं आणि अपराधी वाटणंही असतं. त्याविषयी आधी बोलता आलं तर अतिदक्षता विभागाच्या दाराशी भांडण होत नाही.

तुळशीकट्टा

फलकाचा मजकूर असा करते आहे, बघा बरं:

'निरोपाआधीच्या गप्पा. मरण, म्हातारपण, शेवटचे दिवस, मागे राहणारी माणसं, यांविषयी मोकळेपणी बोलायची बैठक. व्याख्यान नाही. पहिला शनिवार, दुपारी ४ ते ६. जागा १२. नाव आधी द्यावे. लिव्हिंग विल आणि इतर कागदपत्रांची माहिती तिसऱ्या शनिवारी स्वतंत्रपणे.'

मध्यलय

चांगला आहे. 'मरण' दुसऱ्याच वाक्यात आलं हे योग्य. ते नसतं तर निम्मे लोक पेन्शनची सभा समजून आले असते आणि पहिल्या फेरीत उठले असते. 'नाव आधी द्यावे' च्या पुढे कोणा एकाचाच फोन क्रमांक घाला, आणि तो फोन उचलणाऱ्या व्यक्तीला जोडप्यांचं आणि नुकतं कोणी गेलेल्यांचं कसं विचारायचं ते समजावून ठेवा. फलकावर पणती, हार घातलेला फोटो, मावळता सूर्य, काही नको. जाड अक्षरं, पांढरा कागद. आणि हॉल कार्यालयात ६ नाही, साडेसहापर्यंत लिहून घ्या. फेरी संपल्यावर लोक लगेच जात नाहीत.